बडोद्याची हवा, पाणी आणि कारखान्यांच्या चिमण्या ऑनलाइन पाहायच्या तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोरवा, छाणी, बाजवा, उंडेरा, करचिया, रणोली. या भागांतून येणारी माणसे मला प्रदूषणाच्या आकड्यांबद्दल जे विचारतात ते इथे एकत्र लिहून ठेवते आहे. मी २२ वर्षे प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासले. आता निवृत्त आहे, आणि रविवारी सकाळी दांडिया बाजारातल्या एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत लॅपटॉप उघडून बसते. येणाऱ्यांपैकी बहुतेकांना आकड्यांची भीती वाटते. दोन-तीन रविवारांत ती जाते, हे मी पाहिले आहे.

माझ्या भागातल्या प्रदूषणाची माहिती खरोखर ऑनलाइन असते का?

असते, आणि लोकांना वाटते त्यापेक्षा बरीच जास्त असते. पण ती विखुरलेली आहे. हवेचे आकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर आणि त्यांच्या समीर ॲपवर मिळतात. नदीचे आकडे त्याच मंडळाच्या वर्षवार तक्त्यांत असतात. कारखान्याला दिलेली संमती, म्हणजे आपल्याकडे सगळे ज्याला सीसीए म्हणतात ती, जीपीसीबीच्या, म्हणजे गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या, एक्सजीएन या ऑनलाइन प्रणालीत असते. ही प्रणाली एनआयसी या केंद्र सरकारच्या संगणक संस्थेने गुजरातमध्येच २००८ च्या सुमारास उभी केली आणि पुढे इतर राज्यांनी उचलली. मोठ्या प्रकल्पांच्या पर्यावरण मंजुरीचे कागद २०१८ पासून परिवेश पोर्टलवर आहेत. यांत जे सापडत नाही ते माहिती अधिकारात मागता येते.

समीर ॲपवर एकच आकडा दिसतो. तो किती असला म्हणजे वाईट?

० ते ५० चांगला, ५१ ते १०० समाधानकारक, १०१ ते २०० मध्यम, २०१ ते ३०० खराब, ३०१ ते ४०० अतिखराब आणि त्यावर गंभीर. हा निर्देशांक देशात एप्रिल २०१५ पासून आहे. त्यासाठी आठ घटक धरले आहेत: पीएम १० आणि पीएम २.५ (हवेतली बारीक आणि अतिबारीक धूळ), नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, ओझोन, अमोनिया आणि शिसे.

इथे एक गोष्ट समजून घ्यायलाच हवी. निर्देशांक म्हणजे या आठांची बेरीज किंवा सरासरी नव्हे. प्रत्येक घटकाचा वेगळा गुण काढतात आणि जो सर्वांत वाईट तोच त्या मोजणी केंद्राचा निर्देशांक म्हणून दाखवतात. मुलाच्या प्रगतिपुस्तकावर फक्त सर्वांत कच्च्या विषयाचा शेरा लिहिला तर बाकीच्या विषयांचे काय झाले ते कळत नाही, तसे. म्हणून मुख्य आकड्याच्या खाली जाऊन कोणता घटक पुढे आहे ते बघा. धूळ पुढे असेल तर रस्ता, बांधकाम, वाहने यांचा विचार करायचा. सल्फर डायऑक्साइड किंवा अमोनिया वर सरकत असेल तर प्रश्न वेगळा.

दुसरे असे की आपली मर्यादा आणि जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा सारखी नाही. पीएम २.५ साठी आपल्या २००९ च्या मानकांत वर्षाची सरासरी ४० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर चालते. संघटनेने २०२१ मध्ये ती ५ ठेवली. ॲपवर हिरवे दिसले म्हणून दम्याच्या माणसाने निर्धास्त राहू नये.

आकडा हिरवा असतो आणि तरी रात्री घरात वास भरतो. मग खोटे कोण?

बहुतेक वेळा कुणीच नाही. हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त विचारला जातो, म्हणून सविस्तर सांगते.

गोरव्याच्या एक काकू मागच्या थंडीत आल्या, हातात कालनिर्णय. त्या कॅलेंडरच्या चौकटीत वर्षानुवर्षे दुधाचा हिशोब लिहितात. "२ लि.", "खाडा", "पाहुणे, ३ लि." त्याच चौकटीत खाली बारीक अक्षरात दुसरी नोंद होती: "रा. २.४०, सडके अंडे, डोळे चुरचुर." पुढच्या आठवड्यात "पहाटे ५, तिखट, खोकला". असे चार महिने. त्यांच्या मुलाने त्यांना ॲप दाखवून सांगितले होते की आई, त्या दिवशी निर्देशांक ७० होता, तुला भास होतो. त्यांना एवढेच हवे होते की कुणीतरी सांगावे भास नाही म्हणून.

सडक्या अंड्यांचा वास म्हणजे बहुधा हायड्रोजन सल्फाइड, आणि तो त्या आठ घटकांत नाहीच. नाकाला तो फार कमी प्रमाणातही कळतो. बेन्झीनही त्या आठांत नाही. २००९ च्या हवेच्या मानकांत मात्र बारा घटक आहेत आणि त्यांत बेन्झीन आहे, वर्षाला ५ मायक्रोग्रॅम. म्हणजे कायदा बेन्झीनची दखल घेतो, पण रोजचा रंगीत आकडा घेत नाही.

वेळेचाही मुद्दा आहे. दुपारी ४ वाजता जो निर्देशांक जाहीर होतो तो मागच्या २४ तासांचा असतो. रात्री पावणेतीनला पाऊण तास वायू सुटला तर २४ तासांच्या सरासरीत त्याची खूण उरत नाही. आणि थंडीत नेमक्या त्याच वेळी जमिनीलगतची हवा गार, वरची उबदार असते, त्यामुळे धूर वर चढत नाही, खालीच पसरतो. आपल्याकडे रिफायनरी आणि नंदेसरीचा कारखान्यांचा पट्टा शहराच्या उत्तर-वायव्य अंगाला. उत्तरेचा वारा असला की गोरव्याच्या खिडक्यांना आधी कळते.

मग आम्ही काय केले? केंद्रीय मंडळाच्या संकेतस्थळावर आपोआप मोजणाऱ्या केंद्रांचे आकडे १५ मिनिटांच्या किंवा तासाच्या हिशोबाने उतरवून घेता येतात. जवळचे केंद्र निवडले, काकूंच्या तारखा घातल्या, आणि प्रदूषकांच्या यादीबरोबर वाऱ्याचा वेग आणि दिशा या दोन खुणाही केल्या. पुष्कळ जण त्या विसरतात. तक्ता आला. काकू चौकटीतली वेळ वाचत, मी ओळ शोधत असे. बहुतेक रात्री वारा उत्तरेकडचा आणि अगदी मंद होता. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त चष्मा काढून पदराने पुसला आणि म्हणाल्या, "आता हे छापून द्या. मुलाला दाखवते."

याने कोणत्या चिमणीतून वायू आला ते सिद्ध होत नाही. पण "वास येतो" या तक्रारीच्या जागी "या सोळा रात्री, या वेळी, या दिशेचा वारा असताना वास आला, त्या तासांचे सर्वेक्षण दाखवा" असा अर्ज लिहिता येतो. असा अर्ज सहजासहजी बाजूला सारता येत नाही.

दोन ॲप एकाच वेळी दोन आकडे का दाखवतात?

कारण फूटपट्ट्या दोन आहेत. हवेत पीएम २.५ जर ६० मायक्रोग्रॅम असेल तर भारतीय निर्देशांक १०० येतो. अमेरिकी पद्धतीने तोच आकडा १५० च्या पुढे जातो. हवा तीच. शिवाय काही ॲप मोजलेले नव्हे तर उपग्रहावरून अंदाजलेले आकडे दाखवतात. तक्रारीत लिहायचे असेल तर केंद्रीय मंडळाचाच आकडा घ्या आणि निर्देशांकाऐवजी मायक्रोग्रॅममध्ये लिहा.

घरी लावायचे छोटे यंत्र घ्यावे का?

घ्यायला हरकत नाही, पण ते धुळीवर प्रकाश पाडून मोजते. पावसाळ्यात आणि धुक्यात पाण्याचे थेंब धूळ समजून फुगवून सांगते. आणि वासाचे वायू ते मोजत नाही. त्या पैशांत आधी एक वही आणा.

एखाद्या कारखान्याच्या चिमणीचे किंवा सांडपाण्याचे आकडे मला घरबसल्या दिसू शकतात?

दिसायला हवेत, आणि हा हक्क मिळवण्यात गुजरातच्या माणसांचा मोठा वाटा आहे.

फेब्रुवारी २०१४ मध्ये केंद्रीय मंडळाने अतिप्रदूषक अशा १७ प्रकारच्या उद्योगांना सांगितले की चिमणीवर आणि सांडपाण्याच्या नाल्यावर सतत मोजणारी यंत्रे बसवा, आकडे थेट मंडळाच्या सर्व्हरवर आले पाहिजेत. या १७ प्रकारांत तेलशुद्धीकरण, पेट्रोकेमिकल, खत, कॉस्टिक सोडा, रंग आणि रंगांची मध्यवर्ती रसायने, औषधे हे सगळे येतात. बडोद्याच्या उत्तरेला गाडीने एक चक्कर मारा, यातले बहुतेक प्रकार रस्त्यालगत दिसतील.

पण आकडे मंडळाकडे जाणे आणि लोकांना दिसणे यात फरक आहे. गुजरातमधल्या पर्यावरण सुरक्षा समितीने २०१२ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. तिच्यावर २२ फेब्रुवारी २०१७ रोजी निकाल आला. सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणा चालू नसेल तर कारखाना चालू देऊ नये हा त्यातला मोठा भाग. त्याच निकालात असेही म्हटले आहे की सतत मोजले जाणारे आकडे राज्य मंडळाच्या पोर्टलवर लोकांना पाहता येतील असे ठेवावेत. मी या निकालाची प्रत वाचनालयात ठेवली आहे. कुणी म्हणाले की हे आकडे अंतर्गत आहेत, तर ती पुढे करायची.

पाहताना तीन गोष्टी टिपा: मोजलेला आकडा, त्याच्या शेजारची परवानगीतली मर्यादा, आणि तारीख-वेळ. स्क्रीनचे चित्र काढून ठेवा. उद्या तेच पान तसेच दिसेल याची खात्री नसते.

पण यंत्र कारखान्याचे, देखभाल कारखान्याची. मग आकड्यावर भरवसा कसा ठेवायचा?

रास्त शंका. नंदेसरी जीआयडीसीतले (औद्योगिक वसाहतीतले) हवा मोजणारे केंद्रसुद्धा केंद्रीय मंडळाच्या यादीत तिथल्या उद्योजकांच्या संघटनेच्या नावाने आहे. याचा अर्थ आकडे चुकीचे असा मी काढत नाही. यंत्राचे मापन शेवटचे केव्हा तपासले, कुणी तपासले, त्याचा दाखला दाखवा, एवढे विचारते.

या बाबतीत गुजरातमध्येच झालेला एक अभ्यास प्रत्येकाला माहीत असावा असे मला वाटते. आपल्याकडे कारखान्यांचे पर्यावरण ऑडिट बाहेरच्या ऑडिटरकडून करून घेण्याची पद्धत नव्वदच्या दशकापासून आहे. तेव्हा ऑडिटर कारखान्यानेच निवडायचा, फीही त्यानेच द्यायची. अर्थशास्त्रज्ञ एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जीपीसीबीच्या साथीने अहमदाबाद आणि सुरतच्या ४७३ कारखान्यांवर प्रयोग केला. अर्ध्या कारखान्यांना ऑडिटर चिठ्ठी टाकून नेमून दिले, फी एका सामाईक निधीतून दिली, आणि काही नमुने दुसऱ्याकडून पुन्हा मोजून घेतले. २०१३ मध्ये निष्कर्ष छापून आले. जुन्या पद्धतीत अहवालांतले आकडे मर्यादेच्या अगदी जरा खाली येऊन गर्दी करत होते. नव्या पद्धतीत ऑडिटर खरे लिहू लागले, आणि त्या कारखान्यांनी प्रदूषण कमीही केले. माणसे तीच होती, फक्त पैसे कुणाकडून येतात ते बदलले.

म्हणून पोर्टलवरच्या आकड्यांत तुम्हीही हेच शोधा. महिनाभर रोज मर्यादा १०० आणि मोजलेले ९६, ९७, ९६ असे असेल तर थांबा. चालणारा कारखाना असा सरळ रेषेत श्वास घेत नाही. कधी ४०, कधी ८५, कधी देखभालीच्या दिवशी जवळजवळ शून्य, असे चढउतार असणेच स्वाभाविक आहे.

रकाना रिकामाच असतो, किंवा तिथे नुसती आडवी रेघ असते. त्याचा अर्थ काय?

यंत्र बंद, इंटरनेट तुटले, कारखाना बंद, किंवा आकडा पडताळणीत काढून टाकला. चारही कारणे शक्य आहेत आणि बाहेरून फरक कळत नाही. रेघही नोंदवून ठेवा, वेळेसकट. तुमच्या वासाच्या नोंदी आणि त्या रेघा वारंवार एकाच वेळी येत असतील तर ती स्वतःच एक महत्त्वाची माहिती आहे. अशा वेळी त्या काळातला यंत्रबिघाडाचा लेखी अहवाल मागायचा.

विश्वामित्रीचे पाणी कुठे पाहायचे? बीओडी म्हणजे नेमके काय?

हे माझे काम होते, म्हणून जरा थांबून सांगते. बाटलीत नदीचे पाणी भरायचे, त्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायचा, बाटली २७ अंशांवर अंधारात तीन दिवस ठेवायची आणि पुन्हा मोजायचा. मधल्या तीन दिवसांत जिवाणूंनी घाण खाताना जेवढा ऑक्सिजन संपवला तो बीओडी. अंघोळीच्या पाण्यासाठी तो लिटरमागे ३ मिलिग्रॅमच्या आत हवा आणि विरघळलेला ऑक्सिजन ५ तरी हवा. केंद्रीय मंडळाने २०१८ मध्ये देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे पाच गटांत लावले. बीओडी ३० च्या वर गेलेले सर्वांत वाईट गटात. नाल्याचे पाणी सुटले की बाटली तिसऱ्या दिवशी उघडताना झाकणाशीच कळते, मोजायच्या आधी.

तक्त्यात नदीचे नाव, मोजण्याचे ठिकाण, आणि प्रत्येक घटकाचा वर्षातला किमान-कमाल आकडा असतो. कमाल बघा, विरघळलेल्या ऑक्सिजनचा मात्र किमान. सरासरीत पावसाळ्याचे पाणी मिसळलेले असते. मैलापाणी किती मिसळते ते कळायला फीकल कोलिफॉर्मचा, म्हणजे विष्ठेतून येणाऱ्या जिवाणूंचा, रकाना बघा, अंघोळीसाठी १०० मिलिलिटरला २५०० ही शेवटची मर्यादा आहे. आपल्या नदीचा मोठा प्रश्न कारखान्यांइतकाच, कदाचित जास्त, घराघरांतल्या सांडपाण्याचा आहे. हे सांगितले की काही जण नाराज होतात, पण आकडे तसेच बोलतात.

पादऱ्याकडे जाणाऱ्या त्या रासायनिक कालव्याची माहिती?

धनोऱ्यापासून जंबुसर तालुक्यातल्या सारोदपर्यंत सुमारे ५५ किलोमीटरचा हा मार्ग १९८३ पासून चालू आहे. बडोद्याच्या उद्योगांचे प्रक्रिया केलेले सांडपाणी तो मही नदीच्या मुखाशी, खंभातच्या आखाताकडे नेतो. सध्या वडोदरा एन्व्हायरो चॅनल लिमिटेड तो चालवते. कालव्याच्या कडेच्या गावातली माणसे आली की मी त्यांना दोन वेगळे प्रश्न करायला सांगते: कालव्यात सोडताना पाणी कसे होते, आणि आमच्या विहिरीत काय आहे. पहिल्याचे उत्तर कंपनीच्या आणि मंडळाच्या मोजणीत, दुसऱ्याचे भूजलाच्या नोंदींत. दोन्ही एकत्र कुठल्याही एका पानावर मिळत नाहीत, आणि मिळायला हवीत असे माझे ठाम मत आहे. शेतकऱ्याने दोन खात्यांच्या खिडक्यांत उभे का राहावे?

कारखान्याचे कोणकोणते कागद मागायचे?

सीसीए पहिली. तिच्यात कोणते उत्पादन महिन्याला किती टन, सांडपाणी दिवसाला किती, चिमण्या किती उंचीच्या आणि प्रत्येकीची मर्यादा काय, हे सगळे असते. मग पर्यावरण मंजुरीचे पत्र, असल्यास. ज्यांना ती मंजुरी आहे त्यांनी दर वर्षी १ जून आणि १ डिसेंबरला अटी पाळल्याचा सहामाही अहवाल द्यायचा असतो, आणि तो लोकांसाठी खुला असतो. तिसरा कागद म्हणजे पर्यावरण विवरण, फॉर्म पाच. दर ३० सप्टेंबरपर्यंत भरायचा. त्यात वर्षभरात पाणी किती वापरले, कच्चा माल किती, घातक कचरा किती निघाला ते असते. हा कागद फारसे कुणी मागत नाही, आणि माझ्या मते त्याच्याइतका बोलका दुसरा नाही. तीन वर्षांचे फॉर्म पाच शेजारी ठेवा: उत्पादन वाढले आणि कचरा तेवढाच, तर कसा ते विचारा.

मला ऑनलाइन जमत नाही. कार्यालयात जाऊन पाहता येते का?

येते, आणि हा हक्क माहिती अधिकाराच्या ३१ वर्षे आधीचा आहे. १९७४ च्या पाणी कायद्याचे कलम २५ काढा. राज्य मंडळाने संमतीच्या अटींची नोंदवही ठेवायची आणि त्या सांडपाण्याशी संबंध असलेल्या किंवा त्याची झळ लागलेल्या कुणालाही ती वाजवी वेळेत पाहू द्यायची, असे त्यात लिहिले आहे. हवेच्या १९८१ च्या कायद्यात कलम ५१ तसेच आहे. संगणक नव्हते तेव्हाच संसदेने ठरवले होते की शेजाऱ्याला हे कळले पाहिजे. ऑनलाइन पोर्टल म्हणजे ती नोंदवही काचेच्या पलीकडून अलीकडे आणणे आहे, कुणी केलेली मेहेरबानी नव्हे.

माहिती अधिकाराचा अर्ज मराठीत चालेल का?

गुजरातच्या कार्यालयात नाही. कायदा म्हणतो इंग्रजी, हिंदी किंवा त्या प्रदेशाची राजभाषा. म्हणून गुजराती किंवा हिंदी. आपल्यातल्या ज्येष्ठांना गुजराती बोलता येते पण लिहिताना अडते. त्यांनी मराठीत मुद्दे लिहून आणावेत, शाळेत जाणारी नातवंडे गुजरातीत उतरवून देतात. राज्याच्या कार्यालयासाठी शुल्क २० रुपये, केंद्राच्या १०. कारण सांगायची गरज नाही. उत्तराची मुदत ३० दिवस.

प्रश्न "प्रदूषण किती आहे" असा विचारू नका. "अमुक सर्वे नंबरच्या कारखान्याचे अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतचे नमुना तपासणी अहवाल, दिलेल्या नोटिसा आणि त्यांवरची उत्तरे यांच्या प्रती" असे नेमके लिहा. व्यापारी गुपित आहे असे सांगून नाकारले तर अपिलात लिहा की लोकहित मोठे असेल तर तीही माहिती द्यावी असे कलम ८ मध्येच आहे. आणि चिमणीतून बाहेर पडलेली गोष्ट मला तरी गुपित वाटत नाही, ती माझ्या नाकात आलेली असते.

माझा स्वतःचा एक अर्ज ४३ दिवस पडून राहिला. मग एका ओळीचे उत्तर आले, "माहिती संकेतस्थळावर उपलब्ध आहे." दिलेला पत्ता उघडला तर कोरे पान. त्या दिवशी मी खरोखर खचले होते. मग कोऱ्या पानाचे चित्र छापून, तारीख घालून, पहिले अपील केले आणि ६४ पाने मिळाली. मुदत उलटून गेली असल्यामुळे प्रतींचे पैसेही घेता आले नाहीत, कलम ७ च्या सहाव्या पोटकलमात तसे आहे. पहिले अपील ३० दिवसांत, दुसरे ९० दिवसांत. तारखा कॅलेंडरवर आधीच लिहून ठेवा.

मुलगा त्याच कारखान्यात नोकरीला आहे. मी माहिती मागितली तर त्याला त्रास होईल का?

हा प्रश्न विचारताना माणसे आवाज खाली करतात. अर्ज दुसऱ्या कुणी केला तरी चालतो, कुणाही नागरिकाला तो करता येतो. शेजारी करेल, मी करेन.

पण मुलाचाही यात हक्क आहे हे त्याला सांगा. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळला वायू सुटला तेव्हा आजूबाजूच्या वस्तीलाच काय, डॉक्टरांनाही नेमके कशावर उपचार करायचे ते कळत नव्हते. त्यानंतर १९८७ मध्ये कारखाना कायद्यात कलम ४१-ब आले: धोकादायक प्रक्रिया असलेल्या कारखान्याने धोक्यांची माहिती कामगारांना आणि परिसरातल्या लोकांनाही द्यावी. कामगार सुरक्षेच्या २०२० च्या संहितेतही तशी तरतूद आहे. अमेरिकेने तर भोपाळ पाहून १९८६ मध्ये कायदा केला आणि प्रत्येक मोठ्या कारखान्याला कोणते विषारी रसायन वर्षात किती सोडले ते जाहीर करायला लावले; ती यादी आज कुणीही गावाचे नाव टाकून पाहू शकतो. युरोपातल्या देशांनी १९९८ मध्ये डेन्मार्कच्या आर्हुस शहरात असाच करार केला. भारत त्या करारात नाही. ज्या दुर्घटनेने जगाला हे शिकवले ती आपल्या शेजारच्या राज्यात घडली, आणि अशी रसायनवार वार्षिक यादी आपल्याकडे अजून कायद्याने नाही. याचे मला फार वाईट वाटते.

वायू सुटल्याचे कळले तर आधी कुठले पान उघडू?

कुठलेच नाही. फोन ११२ ला. वारा कुठून येतो ते बघा आणि त्याला आडवे निघा, वाऱ्याबरोबर पळू नका. नाका-तोंडावर ओले फडके. आकडे नंतर.

पोर्टल कसे असावे असे तुम्हाला वाटते?

सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बोर्डन यांना अमेरिकेहून बोलावून बडोदे संस्थानात वाचनालयांचे जाळे विणले. मांडवीजवळचे मध्यवर्ती ग्रंथालय सगळ्यांना माहीत आहे, पण मला त्यातल्या लाकडी पेट्या जास्त आवडतात. पुस्तके भरून त्या पेट्या खेड्यापाड्यांत जायच्या. वाचणाऱ्याने शहरात यावे अशी अट नव्हती.

प्रदूषणाची माहिती त्या पेटीसारखी यायला हवी. गुजरातीत, हिंदीत, आणि नकाशावर बोट ठेवले की त्या गल्लीजवळची. आकड्याशेजारी मर्यादा. जुने आकडे पुसू नयेत, निदान दहा वर्षांचे राहावेत. चित्रासारखी स्कॅन केलेली पीडीएफ नको, तक्ता हवा, म्हणजे बेरीज करता येते. बंद यंत्राच्या जागी "बंद, अमुक तारखेपासून, अमुक कारणाने" असे लिहिलेले हवे. आणि ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्यासाठी प्रत्येक वॉर्ड कार्यालयात, प्रत्येक वाचनालयात एक पडदा. हे सगळे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. यंत्रे दर १५ मिनिटांनी आकडे पाठवतच आहेत.

रविवारी येताना काय आणू?

चालू वर्षाचे कॅलेंडर, ज्यावर लिहिता येईल असे. घराचा नेमका पत्ता नको, जवळचा चौक पुरे. वासाची नोंद करताना वेळ, किती मिनिटे टिकला, कशासारखा होता आणि गच्चीवरचे कपडे कोणत्या बाजूला उडत होते, एवढे लिहा. कपड्यांवरून वाऱ्याची दिशा कळते, होकायंत्र लागत नाही. घरात कुणाला खोकला किंवा उलटी झाली असेल तर तेही, डॉक्टरांच्या चिठ्ठीच्या तारखेसह. नोंदी अजून नसतील तरी या. दिवाळीनंतर वारा उत्तरेकडून येऊ लागतो, तोवर तक्ता कसा उतरवायचा ते शिकून होईल.